पावसाळ्यात डीव्हीडी-ब्लू-रेची कव्हरं कशी टिकवायची? (बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी)

खडेबाजार – १२ फेब्रुवारी
मंडळी, घरात चारशेच्या आसपास डिस्क आहेत. निम्म्या डीव्हीडी, शंभरेक ब्लू-रे, बाकी मराठी चित्रपटांच्या जुन्या व्हीसीडी. डिस्क सगळ्या नीट चालतात. प्रश्न कव्हरांचा आहे. पावसाळ्यानंतर पुठ्ठ्याच्या बाह्य कव्हरांचे कोपरे फुगलेले दिसतात, आतल्या छापील कागदावर तपकिरी ठिपके येतात आणि दोन-तीन ठिकाणी कसर लागली आहे.

डिस्क एकवेळ दुसरी मिळेल. पण त्या व्हीसीडींच्या कव्हरांवरचं चित्र, कलाकारांची यादी, मागचा मजकूर आता कुठेच छापला जात नाही. म्हणून विचारतो: पिशवी कोणती घ्यावी, ती बंद ठेवावी की उघडी, आणि सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) खरंच काम करतं का? जूनच्या आत सगळं उरकायचं आहे.

व्हर्नियर – १२ फेब्रुवारी
आधी मापं घ्या, पिशवी नंतर. साधी डीव्हीडी केस १९० × १३५ मिमी, जाडी १४ ते १५. ब्लू-रेची उंची १७१ च्या आसपास, रुंदी तीच, जाडी जराशी कमी. सीडी-व्हीसीडीची कडक केस १४२ × १२५ × १०. बाहेरून पुठ्ठ्याचं कव्हर असेल तर प्रत्येक बाजूला एक मिमी धरा.

पिशवी सपाट असते आणि केसला जाडी असते, हे विसरलं की पिशवी लहान पडते. पिशवीची रुंदी म्हणजे केसची रुंदी अधिक जाडी, वर ४ मिमी सैल. डीव्हीडीला १३५ + १५ + ४ = १५४, म्हणजे १५५ मिमीची पिशवी. लांबीलाही उंची अधिक जाडी धरा, झाकणपट्टी सोडून. घट्ट पिशवीत कव्हर घालताना कोपरा दुमडतो आणि एकदा पांढरी पडलेली घडी परत जात नाही. दहा मिमीपेक्षा जास्त सैल असेल तर पिशवी मांडणीत शेजारच्या केसखाली अडकते.

जाडी ४० ते ५० मायक्रॉन. २५ च्या खालची पिशवी चुरगळते आणि कणा वाचता येत नाही.

साडीघडी – १२ फेब्रुवारी
शहापूर-वडगावच्या साड्या ज्या कडक, चकचकीत पिशवीत येतात ती बीओपीपी, म्हणजे ताणून पातळ केलेलं पॉलिप्रॉपिलीन (पीपी). रविवार पेठेत पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तीच मागा, शर्टाची किंवा ग्रीटिंग कार्डाची मापं विचारा. मिमीत बोलू नका, तिथे इंचात चालतं. १५५ मिमी म्हणजे सहा इंच आणि वर एक सूत, तेव्हा सव्वासहाची घ्या.

एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या: चिकटपट्टी झाकणावर आहे की पिशवीच्या अंगावर. झाकणावर असेल तर केस बाहेर काढताना गोंद कव्हराला लागतो आणि छपाई ओरबाडली जाते. अंगावर गोंद असलेली मिळाली तर उत्तम.

मांडणी – १२ फेब्रुवारी
दुकानदार सगळ्यालाच ‘पीपी’ म्हणतात. मऊ, जाड, पुस्तकांच्या कव्हराची पिशवीही त्यातच देतात. ओळखायचं कसं?

साडीघडी – १२ फेब्रुवारी
वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. पिशवीचा नखाएवढा तुकडा कापून बोटाने पूर्ण बुडवा आणि सोडा. बीओपीपी आणि पॉलिथिन वर येतात, पीव्हीसी तळाशी जातं. पीईटीसुद्धा (म्हणजे पॉलिएस्टर) बुडतं, पण पीईटी कडक असतं आणि पीव्हीसीची पिशवी मऊ, तेलकट हाताला लागते, वासही येतो. जाळून बघू नका, पीव्हीसीचा धूर घातक असतो.

खळपाणी – १३ फेब्रुवारी
पीव्हीसी का नको ते सांगतो, कारण ‘पारदर्शक म्हणजे झालं’ असा समज फार आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. उकाड्यात आणि वर्षांनी ते बाहेर झिरपतं. छापील कागदाला लागलं की शाई मऊ होते आणि पिशवीला चिकटते. ओढून काढाल तर चेहऱ्याचा अर्धा भाग पिशवीवर येतो. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये फोटो असेच चिकटलेले असतात.

बीओपीपी, पॉलिथिन आणि पॉलिएस्टर या तिन्हींत हे द्रव्य लागत नाही. या तिघांबाहेर जाऊ नका.

कौलारू – १३ फेब्रुवारी
पिशवीबद्दल सहमत. पण ती चिकटवून बंद करायला माझा विरोध आहे.

खानापूरच्या बाजूला, त्यातून कणकुंबीकडे, जुलैत हवा इतकी ओली असते की पुठ्ठा हाताला गार लागतो. अशा वेळी पिशवी बंद केली म्हणजे ओल आतच कोंडली. रात्री गारवा आला की तीच ओल पिशवीच्या आतल्या बाजूला धरते आणि आठ-दहा दिवसांत कणा व झाकण यांच्या सांध्यात पहिली बुरशी दिसते. पिशवी घाला, तोंड उघडं ठेवा, उघडं तोंड मांडणीत मागच्या बाजूला करा. घासण्यापासून रक्षण होतं आणि हवाही खेळते.

अथणीकर – १३ फेब्रुवारी
कौलारूअण्णा, तुमचं खानापुरात बरोबर. आमच्याकडं उघडं तोंड ठेवलं की महिन्यात आत धूळ. अथणी-रायबागची धूळ मऊ नसते, बारीक रेतीच असते. केस आत-बाहेर करताना ती पुठ्ठ्यावर घासते आणि चकचकीत कव्हरावर उभ्या रेघा उमटतात. काळ्या रंगाच्या कव्हरावर तर फार. आम्ही बंदच ठेवणार.

खळपाणी – १३ फेब्रुवारी
दोघांचंही खरं. बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला घाटमाथ्याचा पाऊस आणि पूर्वेला कोरडं रान, एकच नियम दोन्हीकडे कसा चालेल? माझ्या मते पिशवी बंद की उघडी यापेक्षा ती कधी बंद केली हे जास्त महत्त्वाचं. पुठ्ठा कोरडा असताना बंद केली तर बिघडत नाही.

व्हर्नियर – १४ फेब्रुवारी
खळपाणींनी मुद्द्याला हात घातला. आता सिलिका जेलचा हिशेब मांडतो, कारण बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्या टाकून लोक निर्धास्त होतात.

४० लिटरचा झाकणाचा डबा धरा, आत ६० डीव्हीडी. जुलैतली २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरला साधारण २३ ग्रॅम पाणी धरते. ती ४५ टक्क्यांवर आणायला घनमीटरमागे ११ ग्रॅम काढावं लागतं. ४० लिटरमागे हे अर्धा ग्रॅमही होत नाही. इथवर पाहिलं तर दोन पुड्या पुरतात.

पण पाणी हवेत नसतं, कागदात असतं. डीव्हीडीचा आतला छापील कागद २७३ × १८३ मिमीचा, वजन सहा-सात ग्रॅम. बाहेरचं पुठ्ठ्याचं कव्हर अठरा-वीस ग्रॅम. म्हणजे डिस्कमागे २५ ग्रॅम, साठांचे दीड किलो. पावसाळ्यातला कागद आणि कोरड्या दिवसांतला कागद यांच्यात वजनाच्या चार-पाच टक्के पाण्याचा फरक असतो. दीड किलोमागे ६० ते ७५ ग्रॅम पाणी झालं. जेल ४०-५० टक्के आर्द्रतेला आपल्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी धरतं. जुलैत डबा बंद केला तर ३०० ते ३७५ ग्रॅम जेल पहिल्याच फेरीत संपणार.

तोच डबा फेब्रुवारी-मार्चमध्ये, वळीव पडायच्या आत, दुपारी दोन-चारच्या सुमाराला भरला तर कागद आधीच कोरडा असतो. मग जेलला फक्त झाकणातून झिरपणारी ओल पकडायची असते. शंभर ग्रॅममध्ये पावसाळा निघतो. म्हणून खडेबाजार, जून कशाला, याच महिन्यात भरा.

मांडणी – १४ फेब्रुवारी
हे वाचून आजच डबे आणायला निघालो. 🙂 जेल निळं घ्यावं की केशरी?

व्हर्नियर – १४ फेब्रुवारी
निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. घरात मुलं असतील तर नकोच. केशरी ओलं झालं की हिरवं होतं. सगळंच रंगीत घ्यायची गरज नाही. पांढरे मणी स्वस्त पडतात, त्यात मूठभर केशरी मिसळा, रंगाची सूचना मिळते.

पुन्हा वापरायला ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, मण्यांचा थर एका इंचापेक्षा जाड नको. त्याच्या वर तापवलं तर केशरी रंग जळून तपकिरी होतो आणि मग काही कळत नाही. ओव्हन नसेल तर जाड कढई, अगदी मंद आच, सतत हलवत राहा. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. भरायला सुती कापडाची पिशवी, दुहेरी शिवण. मण्यांची पूड कव्हरावर पडली तर ओरखडे उठतात.

कौलारू – १५ फेब्रुवारी
जेलबरोबर आर्द्रतामापक लागतोच, नाहीतर अंदाजपंचे. स्वस्त डिजिटल चालतो, पण आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थोडे थेंब घालून दाट चिखल करा. मीठ विरघळून जाता कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवला तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवा.

डब्यात ४० ते ५० ठेवा. बुरशी ६५-७० च्या वर जोर धरते. पण ३० च्या खालीही नेऊ नका. बाह्य कव्हराला एकाच बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो. कागद आकसतो, प्लास्टिक आकसत नाही, मग पुठ्ठा वाकतो आणि घडीवर तडकतो.

नवखा_निपाणी – १५ फेब्रुवारी
कसरीसाठी डांबर गोळ्या टाकल्या तर?

खळपाणी – १५ फेब्रुवारी
अजिबात नको. डांबर गोळीच्या वाफेने व्हीसीडीची कडक पारदर्शक केस मऊ आणि धुरकट होते, कारण ती पॉलिस्टायरीनची असते. बंद डब्यात तर हा परिणाम लवकर दिसतो, आणि वास कागदातून वर्षभर जात नाही. कडुलिंबाचा पालाही ओला टाकू नका, त्यातून पाणीच आत जातं.

कसर कागदापेक्षा खळीवर येते. जुन्या व्हीसीडींची कागदी पाकिटं खळीने चिकटवलेली असतात, म्हणून छिद्रं कडेच्या जोडावरच दिसतात. हवा कोरडी ठेवली की कसर तग धरत नाही. लागलीच असेल तर डिस्क काढून घ्या, फक्त कव्हर दुहेरी झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली तर गार कागदावर घाम धरतो आणि केलेलं वाया जातं.

पत्रापेटी – १६ फेब्रुवारी
पत्र्याच्या केसबद्दल कुणी बोललं नाही. स्टीलबुकला पुठ्ठ्यासारखा फुगवटा येत नाही, पण जिथे छपाईचा थर उडतो तिथे गंज धरतो: कण्याजवळची घडी, खालची कड, आणि शेजारच्या केसने टोचलेला कोपरा. घामट हाताचा ठसाही पावसाळ्यात डाग सोडतो. मऊ कोरड्या कापडाने पुसून मगच ठेवा.

याला मऊ पिशवी पुरत नाही, कारण खरा धोका चेपण्याचा. ०.३ मिमी पीईटीची घडीची पेटी घ्या. नवी असताना तिच्या दोन्ही बाजूंना पातळ संरक्षक पापुद्रा असतो, तो आधी सोला. न सोलता पेटी वापरली की ती धुरकट दिसते आणि माल खराब आला असं वाटतं. घड्या मोडताना आधी प्रत्येक घडी उलट-सुलट दोन्हीकडे दुमडा, म्हणजे पेटी चौकोनी उभी राहते.

उद्यमबागेत यंत्राच्या भागांना गुंडाळतात तो गंजरोधक कागद इथे वापरू नका. तो उघड्या धातूसाठी असतो, छापील पत्र्याला त्याचा उपयोग नाही.

नवखा_निपाणी – १६ फेब्रुवारी
आणि किमतीचं लेबल? पुठ्ठ्यावर चिकटलंय, सोलताना छपाईच निघते.

साडीघडी – १६ फेब्रुवारी
हेअर ड्रायर मंद, वीतभर अंतरावरून, वीस-तीस सेकंद. मग कोपरा नखाने उचला आणि लेबल वर न ओढता जवळजवळ आडवंच मागे दुमडत न्या. मध्ये अडलं तर दात साफ करायचा दोरा (फ्लॉस) लेबलखालून करवतीसारखा सरकवा. राहिलेला गोंद पांढऱ्या पेट्रोलच्या कापसाने, खिडकी उघडून, गॅसपासून लांब. आधी तळाच्या कडेला एक ठिपका लावून बघा. वर प्लास्टिकचा थर नसलेल्या कच्च्या पुठ्ठ्यावर हे करू नका, डाग आत शिरतो. खोबरेल, रॉकेल, निलगिरी तेल सगळी तेलकट कडी सोडतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर घरातच आणू नका म्हणेन मी, व्हीसीडीची केस कायमची पांढरी पडते आणि डिस्कलाही तो खातो.

पण एक सांगू? २००७ च्या सुमारास मोजर बेअर कंपनीने २८ रुपयांची व्हीसीडी आणि ३४ ची डीव्हीडी आणली, त्यावेळची किंमत कव्हरावर असेल तर ती ठेवा. त्या काळाची खूण आहे ती.

अक्का_टिळकवाडी – १७ फेब्रुवारी
विषय थोडा बाजूला जातोय, पण घरोघरी आहे म्हणून लिहिते. लग्नाच्या, बारशाच्या डिस्क. त्या रेक्झिनच्या गुबगुबीत पाकिटात मिळतात. ते पाकीट पीव्हीसीचं, आत फोम. फोम कालांतराने चिकट चुरा होऊन डिस्कला लागतो. डिस्क आजच काढा, साध्या डीव्हीडी केसमध्ये घाला, पाकिटावरचा फोटो वेगळा ठेवा. डिस्कवर गोल कागदी लेबल असेल तर ते सोलू नका, खालचा चमकदार थर बरोबर येऊ शकतो. आणि या डिस्क घरी लिहिलेल्या, रंगद्रव्यावर चालणाऱ्या, म्हणून कव्हराआधी त्यांची हार्ड डिस्कवर प्रत करा.

खडेबाजार – १७ फेब्रुवारी
अक्का, बरं झालं लिहिलंत, तशा पाच निघाल्या. आता मांडणी कुठे ठेवावी? सध्या पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे.

कौलारू – १७ फेब्रुवारी
तिथून हलवाच. आपल्याकडे पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो, तीच भिंत पाझरते. आतल्या भिंतीला ठेवा, तरी मागे दोन इंच जागा सोडा. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर.

ऊन थेट नको. लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी मागे राहते, म्हणून उन्हातले कणे निळसर दिसतात. हे परत येत नाही.

पत्रापेटी – १७ फेब्रुवारी
आणि केस कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका. पुठ्ठ्याचं कव्हर तिथूनच फाटतं. शेजारच्या दोन्ही केस बोटभर आत ढकला आणि हवी ती मधोमध चिमटीत धरून काढा. त्यासाठी प्रत्येक रांगेत एका केसची जागा रिकामी लागते. मीटरभर फळीवर ७० डीव्हीडी बसत असतील तर ६५ च ठेवा, पिशवीचीही जाडी येते.

नवखा_निपाणी – १९ फेब्रुवारी
कव्हर आधीच फाटलं असेल तर चिकटपट्टी?

खळपाणी – १९ फेब्रुवारी
चिकटपट्टी पिवळी पडते, गोंद कागदात मुरतो आणि पट्टी गळून पडते. मेथिल सेल्युलोजची पातळ खळ करा आणि पातळ जपानी कागदाची पट्टी आतल्या बाजूने लावा. पट्टी कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे कड तंतुमय होते आणि बाहेरून उठाव दिसत नाही. वर-खाली बटर पेपर, सपाट वजन, चोवीस तास. मेथिल सेल्युलोजवर कसर येत नाही, म्हणून पिठाची खळ नको म्हणतो.

खडेबाजार – २३ फेब्रुवारी
ठिपके पडलेल्या कव्हरांचं काय? ती डब्यात घालावीत का?

खळपाणी – २३ फेब्रुवारी
आधी नाही. डिस्क काढा, कागद बाहेर घ्या, सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दुपारी वाळवा. ओली बुरशी पुसली की ती पसरते, पूर्ण कोरडी झाली की सुटते. मग गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने आपल्यापासून लांबच्या दिशेला झटका. तपकिरी डाग राहील, तो घासू नका, ब्लीच तर नकोच. डीव्हीडीची केस पॉलिप्रॉपिलीनची असते, ती साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ही कव्हरं पहिलं वर्ष वेगळ्या डब्यात ठेवा.

खडेबाजार – १८ जुलै
धागा वर काढतोय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सात डबे भरले, प्रत्येकी १०० ग्रॅम जेल. आज खोलीत ८६, सहा डब्यांत ४४ ते ४९. सातव्यात मात्र ६१, केशरी मणी हिरवे. डबा तोच, जेल तेवढंच.

व्हर्नियर – १८ जुलै
झाकण बघा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी झाकणाखाली धरून क्लिप लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी फिरत जा. जिथे पट्टी अडकल्याशिवाय निघते तिथून हवा जाते.

खडेबाजार – १९ जुलै
डाव्या मागच्या कोपऱ्यात पट्टी सरळ निघाली. तिथे एका पिशवीची झाकणपट्टी रबराखाली आली होती.

साडीघडी – १९ जुलै
पट्टी आत दुमडा आणि पिशवीचं तोंड खाली करून ठेवा. मणी वाळवून आजच परत टाका, आणि या खेपेला २०० ग्रॅम घ्या. आता त्या डब्यातल्या पुठ्ठ्यातलं पाणीही जेललाच काढायचं आहे.